नाईट तुझी, गाणं कुणाचं?

या आठवड्याचं पत्र आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलंय. थोडं कापून देतो.

"काका, सप्रेम नमस्कार. माझं वय 27. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, हातात 34,000 पडतात. सहा वर्षं नवरात्रात एका गरबा पार्टीत बेस गिटार वाजवतो. आता मुंबईच्या एका नावाजलेल्या गायकाच्या बँडमधून बोलावणं आलंय. वर्षाला साधारण 55 शो, एका शोचे 8,000, प्रवास आणि राहणं त्यांचं. मी गाणीही लिहितो, चाली माझ्याच. अकरा झालीत. त्यातलं एक त्यांच्या मॅनेजरला फार आवडलं. म्हणतात, शोमध्ये घेऊ, पुढे रेकॉर्ड करू, हिशेबाचं नंतर बघू. माझं लग्न वैशाखात ठरलंय. आई म्हणते, नोकरी सोडलीस तर मुलीकडचे काय म्हणतील? बाबा म्हणतात, जे वाद्य कुणाला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी नोकरी सोडणारा तू पहिलाच. जाऊ का? – खर्जवाला."

चि. खर्जवाला,

सही वाचूनच जीव खूश झाला. 1984 पासून तेरा वर्षं मीही ऑर्केस्ट्रात हेच वाद्य गळ्यात अडकवून फिरलो. मॅटॅडोरमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर अंग टाकायचं. सकाळी भुसावळ, दुसऱ्या दिवशी खंडवा, मग इंदूर, मग धुळ्यात कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात. तेव्हा माझा सल्ला तटस्थ नसणार, हे आधीच सांगून टाकतो.

जा. पण पैशासाठी चाललोय असं घरात सांगू नकोस, कारण ते खरं नाही.

कागद घे. 8,000 गुणिले 55 म्हणजे 4,40,000. तुझा पगार वर्षाचा 4,08,000. वरवर 32,000 जास्त दिसतात. पण 55 शो म्हणजे 55 दिवस नव्हेत रे. जाण्याचा दिवस, येण्याचा दिवस, रिहर्सलचे दिवस धरले की आकडा 130 च्या आसपास जातो. भागून बघ, दिवसाला 3,400 सुद्धा पडत नाहीत. कारखाना तुझ्या पीएफमध्ये भर घालतो, बँड घालणार नाही. आणि कामं सगळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दाटतात: लग्नसराई, कॉलेजांचे महोत्सव, कंपन्यांचे कार्यक्रम. जून ते ऑगस्ट मैदानं चिखलात आणि वादक घरात. दुधाचं बिल मात्र पावसाळ्यातही येतं. तेव्हा पैशाने हा सौदा जेमतेम बरोबरीचा आहे. तू चालला आहेस ते वाजवण्यासाठी, आणि ते कारण पुरेसं आहे. आईला तेच सांग.

मॅनेजरला चार गोष्टी मात्र न लाजता विचार. रिहर्सलचे पैसे आहेत का? आदल्या दिवशी शो रद्द झाला तर निम्मी नाईट, म्हणजे एका शोचे निम्मे पैसे, मिळतात की नुसती "सॉरी"? प्रवासाच्या दिवशी जेवणाचा भत्ता किती? शोनंतर किती दिवसांत पैसे खात्यात येतात? ज्या बँडचा कारभार नीट असतो तिथे या प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तर मिळतं. "अरे, आपण फॅमिली आहोत" असं उत्तर आलं तर मला लगेच कळव. टीडीएस कापतील, त्याचं प्रमाणपत्र मागून घे आणि दरवर्षी रिटर्न भर. पुढे घराचं कर्ज मागायला जाशील तेव्हा बँक तुझा सोलो ऐकणार नाही, तीन वर्षांची रिटर्नं बघेल.

राजीनामा एकदम टाकू नकोस. साहेबांशी बोलून नोव्हेंबर ते जानेवारी बिनपगारी रजा मिळते का बघ. नाहीच मिळाली तर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत जमल्यावरच पत्र दे. आणि मुंबईत खोली घेण्याच्या भानगडीत पडू नकोस, निदान पहिलं वर्ष. बडोदं ते मुंबई चारशे किलोमीटरही नाही, रात्रीच्या गाडीत बसलास की सकाळी रिहर्सलला हजर. त्या खोलीचं भाडं भरायला तुला महिन्याच्या दोन-तीन नाईट नुसत्या घरमालकासाठी वाजवाव्या लागतील. नवरात्रही सोडू नकोस. आपल्या बडोद्याचा गरबा न थांबता चालतो, दोन-दोन तास ढोलाबरोबर हींच, म्हणजे गरब्याचा ठेका, धरून बसणाऱ्या माणसाला दीड तासाच्या शोचं काय दडपण? तुझी सहा वर्षांची तालीम मैदानावर झालीय. मुंबईवाल्यांनी तुला उगाच बोलावलेलं नाही.

हे झालं नाईटचं. आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी अडखळलो तिथे येतो. "हिशेबाचं नंतर बघू." तू ते वाक्य नोकरी आणि लग्नाच्या मध्ये कुठेतरी सहज लिहून टाकलंस. मला विचारशील तर सगळ्या पत्रात धोका तेवढाच आहे.

माझी गोष्ट ऐक. 1991 मध्ये एका ओळखीच्या माणसाने रेडिओच्या जाहिरातीसाठी छोटी चाल मागितली. मी रात्रीत बांधून दिली. 500 रुपये मिळाले, एका छापील कागदावर सही केली, वाचला नाही. घाई होती, सुरतेची गाडी पकडायची होती. ती चाल कितीतरी वर्षं वाजत राहिली. एकदा रावपुऱ्यात सलूनमध्ये दाढी करताना लागली, न्हावी गुणगुणायला लागला. मी त्याला सांगितलं, "ही माझी आहे." तो हसला. गालाला साबण लावलेल्या माणसाचं कोण खरं मानणार? दोष त्या माणसाचा किती आणि माझा किती हे मी अजून ठरवतोय, पण सही माझी होती हे नक्की.

वादकाची कमाई दोन प्रकारची असते. एक नाईट. वाजवलं, पैसे मिळाले, संपलं. उद्या बोट मोडलं तर उद्याची नाईट गेली. दुसरं गाणं. ते तू झोपलेला असतानाही कुठेतरी वाजतं. नाईट ही मजुरी आणि गाणं ही जमीन. आपल्याकडे शेतावर मजुरीला जाणारा माणूस जाताना स्वतःचा सातबारा मालकाच्या खिशात ठेवून येत नाही.

जेम्स जेमरसनचं नाव तुला माहीत असणार. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवाला. 1960 च्या दशकात त्या कंपनीची जी गाणी जगभर गाजली त्यातल्या कितीतरी गाण्यांखाली त्याचं एक बोट चालतंय. खरंच एकच बोट, उजव्या हाताची तर्जनी; तिला 'हूक' म्हणायचे. पण कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती, त्याचं नाव ठळकपणे आलं ते 1971 मध्ये. 1983 मध्ये 47 व्या वर्षी गेला. बेस वाजवणारा प्रत्येक माणूस आज त्याच्याकडून शिकतो, पण त्याच्या आयुष्यात त्याला मिळाला तो मुख्यतः वाजवल्याचा पगार. आता दुसरा नमुना बघ. लेमी, मोटरहेड बँडचा. बेस वाजवायचा, गायचा, लिहायचा. 1975 पासून 2015 मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षं दौऱ्यावर. याने 1991 च्या सुमाराला ऑझी ऑस्बर्न या रॉक गायकाच्या एका अल्बमसाठी चार गाण्यांचे शब्द लिहून दिले. स्वतःच्या बँडने कित्येक वर्षांत दिले नाहीत एवढे पैसे त्या चार गाण्यांनी दिले, असं तो स्वतः सांगायचा. चार गाणी फक्त! आणि तुझ्याकडे अकरा आहेत. (तुझी गाणी ऑझी गाणार नाही हे मला कळतं. मुद्दा कळला ना?)

आणखी एक बारकावा आहे, तो नवीन मुलांच्या ध्यानात येत नाही. स्टिंग हाही बेसवालाच, आधी शाळेत शिकवायचा. त्याच्या बँडचं 1983 मध्ये एक गाणं जगभर गाजलं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका रॅपरने त्यातली गिटारची जागा उचलून नवं गाणं केलं, तेही तुफान चाललं. ती गिटार वाजवली होती अँडी समर्सने. पण गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं, म्हणून गाण्याच्या मालकीचे पैसे गेले स्टिंगकडे. तेव्हा त्या गायकाच्या गाण्यांत तू कितीही सुंदर बेसलाइन बसवलीस तरी गाणं त्याचंच राहणार. रडायचं नाही, नाईट घ्यायची. उलट तुझ्या गाण्यात त्यांच्या कीबोर्डवाल्याने सुरुवातीचा तुकडा भरला तर तुझ्या गाण्याची मालकी जात नाही. पण त्याने अंतऱ्याची चाल खरोखर बदलली, ती नवी झाली, तर त्याचा वाटा दे. किती टक्के, ते त्याच संध्याकाळी दोघांनी लिहून ठेवा. गाणं गाजल्यावर प्रत्येकाची आठवण स्वतःच्या सोयीची होते, माझीसुद्धा.

आपल्या कायद्यात या बाबतीत दम आहे, फक्त वापरणारे कमी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू शब्द लिहिलेस, चाल बांधलीस, की हक्क तुझा झाला. नोंदणीची सक्ती नाही. तो तुझ्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. तो दुसऱ्याला द्यायचा तर कागदावर, सहीनिशी. तोंडी "घ्या, वाजवा" म्हटल्याने मालकी बदलत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर रेकॉर्डिंगच्या कमाईतला गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा तुला कंपनीला देऊन टाकताच येत नाही. तसं कलम करारात घातलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही.

फट एका ठिकाणी आहे. नोकरीच्या करारात राहून, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाचं होतं. म्हणून बँडचा करार आला की दोन ठिकाणी बोट ठेवून वाच. तू 'कर्मचारी' आहेस की शोपुरता वादक? आणि "करारकाळात वादकाने निर्माण केलेलं सर्व साहित्य" अशा अर्थाचं वाक्य कुठे दडलंय का? दडलं असेल तर "वादकाची स्वतःची गाणी वगळून" एवढं लिहून घे. जाण्याआधीच अकराही गाणी मोबाइलवर गाऊन रेकॉर्ड कर, शब्द टाईप कर, आणि सगळं स्वतःलाच ईमेल कर. तारीख पडली म्हणजे गाणी तू बँडमध्ये जाण्याआधीची आहेत हे दाखवता येतं. मग आयपीआरएसचा सभासद हो. गीतकार-संगीतकारांची ही संस्था 1969 पासून आहे, मुंबईत. कार्यक्रम करणाऱ्यांकडून, रेडिओकडून, ऑनलाइन कंपन्यांकडून ती पैसे गोळा करून वाटते. पण तिच्या वहीत गाणं नोंदवलेलंच नसेल तर ती तुला शोधत दांडिया बाजारात येणार नाही. तू शब्द आणि चाल दोन्हींचा धनी आहेस, दोन्हीकडे नाव लाव.

मॅनेजरला काय लिहायचं? भांडणाचा सूर नको. साधा मेसेज कर: "गाणं आवडलं, आनंद झाला. शोमध्ये जरूर घ्या. गीत-संगीत म्हणून माझं नाव सांगावं, एवढंच. रेकॉर्डिंग करायचं ठरलं तर त्याआधी वेगळा कागद करू." बस. ही वाजवण्याची परवानगी झाली, दान नव्हे. स्टेजवर नाव घेणं त्यांना जमत नसेल तर गाणं आधी तुझ्याकडेच राहू दे आणि बेस तेवढा वाजव. गाण्यावाचून ते बोलावणं मागे घेतात का बघ. घेतलं तर त्यांना बेसवाला हवाच नव्हता, नाही का? रेकॉर्डिंगचा कागद आला की वकिलाला दाखव. एका नाईटच्या आतच त्याची फी होईल.

दौऱ्याचं आयुष्य कसं असतं हे कुणी तुला खरं सांगणार नाही. दीड तास वाजवायचं आणि साडेबावीस तास थांबायचं. विमानतळावर थांब, साउंड चेकला थांब, पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत विंगेत थांब. दारू या थांबण्यातून येते. आमच्या ऑर्केस्ट्रात चांगले दोन हात तिने खाल्ले. तू त्या तासांत लिही. लॉजच्या खोलीत बेसला अँप लागत नाही, कानात लावून वाजवता येतं. बारावं गाणं तिथे होईल.

कानांचंही बघ. 85 डेसिबल आवाज आठ तास सोसतो. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. ड्रमरच्या झांजेशेजारी तू वर्षाला 55 रात्री उभा राहणार आहेस. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घे. कापसाचे बोळे नकोत. माझ्या डाव्या कानात आजही शिट्टी वाजते, पत्नी म्हणते मी सोयीने बहिरा आहे. बेस ॲक्टिव्ह असेल तर नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या खिशात ठेव. गिग बॅग आगगाडीत चालते, विमानाच्या पोटात नाही. तिथे हार्ड केस. आणि सगळ्या गाण्यांचे कॉर्ड एका वहीत तुझ्या हाताने लिहून काढ. 2002 मध्ये द हू या बँडचा बेसवाला जॉन एंटविसल दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वारला; पिनो पॅलाडिनोला बोलावलं, आणि चार दिवसांत तो हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर उभा होता. पुढे कितीतरी वर्षं त्याच बँडबरोबर फिरला. वेळेला तयार असतो तोच माणूस पुन्हा बोलावला जातो. फार अलंकार वाजवू नकोस. गायकाला पायाखाली जमीन लागते, शेजारी दुसरा गायक नको असतो.

लग्नाचं आता. मुलीकडचे काय म्हणतील हे आईला कसं कळणार? मुलीला विचार. सुरसागर तलावाच्या काठावर घेऊन जा, भजी खा आणि मी वर मांडलेला सगळा हिशेब तिच्यापुढे ठेव, 130 दिवसांसकट. सासऱ्यांच्या आधी तिला कळलं पाहिजे. डिसेंबरात तू महिन्यातले वीस दिवस घरी नसशील, हेही सांग. ती "नाही" म्हणाली तर तो एक मुद्दा आहे, विचार करावा लागेल. आई "नाही" म्हणते ती काळजी आहे. दोन्हींना एकच उत्तर देऊ नकोस.

तिथे काठावर बसशील तर समोरच्या संगीत महाविद्यालयाकडे बोट दाखव. त्याचं मूळ गवई मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये काढलेल्या गायनशाळेत आहे. त्यांचा नातू इनायत खान याच बडोद्यात 1882 मध्ये जन्मला. 1910 मध्ये भावांना घेऊन वीणेसकट अमेरिकेला गेला आणि रूथ सेंट डेनिस नावाच्या नर्तिकेच्या दौऱ्यात साथीला बसून गावोगाव हिंडला. म्हणजे बडोद्याच्या मुलाने दुसऱ्याच्या दौऱ्यात वाजवायला जाण्याची ही काही पहिली वेळ नाही. आणि आजचं उदाहरण हवं तर मुंबईची मोहिनी डे बघ. वडील बेसवादक, लहानपणीच वाद्य हातात दिलं. ती ए. आर. रहमान यांच्याबरोबर जगभर वाजवते आणि स्वतःच्या नावाने स्वतःचं संगीतही करते. साथ आणि स्वतःचं, दोन्ही एका जन्मात होतं.

राहिले बाबा. ते खोटं बोलत नाहीयेत. तू त्यांना तुझे व्हिडिओ मोबाइलवर दाखवतोस ना? तुझ्या जाड तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा. मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून तो निघतच नाही. त्यांनी सहा वर्षं बेस नसलेली गाणी ऐकलीत आणि मुलगा काय करतो हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना तंबोरा माहीत असेल. खर्जाची तार बंद केली तर गवयाचं काय होतं, हेही माहीत असेल. येत्या नवरात्रात त्यांना साउंड चेकला ने. गाणं चालू असताना मध्येच दोन मिनिटं हात उचल, मग परत लाव. तोंडाने काही समजावू नकोस.

खुर्ची मात्र पहिल्या रांगेत टाकू नकोस. तिथे स्टेजखाली सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, असतात, पोटात नुसता गडगडाट होतो आणि बाबा "ऐकू आलं नाही" म्हणून परत येतील. साउंडवाल्याच्या मिक्सरशेजारी बसव, त्याला आधी सांगून ठेव. तिथे पंखाही असतो.

तुझा,
काका